स्वभावाचा सातबारा

धर्म सोडणारा माणूस मुळातच वेगळ्या स्वभावाचा असतो, असं नवं सांगणं आपल्यात सुरू झालंय. सांगणारे शिकलेले आहेत, आणि आपलेच आहेत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणी म्हणेल की हा नेहमीसारखा सदाशिव पेठेवर घसरला. सदाशिव पेठेचाही नंबर येईल. आधी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. आधी आपली वस्ती.

अभ्यासवर्गात एक पोरगा उठतो. मानसशास्त्र घेऊन एम. ए. झालेला. फळ्यावर पाच रकाने मारतो. नव्याबद्दलचा मोकळेपणा, शिस्त, बहिर्मुखपणा, जुळवून घेणं आणि मनाची चलबिचल. माणूस म्हणजे हे पाच गुण, कुणात पावशेर, कुणात शेर. मग सांगतो की परदेशात यावर अभ्यास झालेत. झालेत, खरं आहे. हाइन्झ श्ट्राइब आणि त्यांच्या सोबत्यांनी जर्मनीत आणि अमेरिकेत धर्म सोडलेल्यांच्या मुलाखती घेतल्या, २००९ साली पुस्तक काढलं. सोडलेल्यांत मोकळेपणा जास्त भरला. बेल्जियममधल्या वासिलिस सारोग्लू यांनी २०१० साली पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर धार्मिक माणसं जुळवून घेण्यात आणि शिस्तीत थोडी वर निघाली. थोडी. हा शब्द फळ्यावर लिहायचा राहून जातो.

इथवर माझं काही भांडण नाही. ज्यांना मोजलं त्यांच्यापुरतं ते खरं असेल. पण फळ्यावरून खाली उतरता उतरता तो म्हणतो, म्हंजे बघा, छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं जे आले ते मोकळ्या मनाचे. जे आले नाहीत, नाहीतर आज परत देव मांडून बसलेत, ते बंद मनाचे. स्वभावाला औषध नाही. आणि सगळे हसतात.

माझं भांडण या हसण्याशी आहे.

दोस्तांनो, मोकळेपणा मोजतात कसा ते एकदा बघा. कागदावर प्रश्न असतात. चित्रं बघायला आवडतात का. कविता ऐकून अंगावर काटा येतो का. नव्या कल्पना, नव्या जागा, नव्या चवी यांत जीव रमतो का. (आता मॉलमधे नाहीतर कॉल सेंटरात नोकरी मागायला गेलेल्या पोरांपुढंही असला कागद ठेवतात. पोरं उत्तरं पाठ करून जातात. तेवढ्यापुरता सगळ्या वस्तीचा स्वभाव मोकळा होतो.)

आता या कागदापुढं छप्पन सालची एक बाई बसवा. तिचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही, अशा लाखभर होत्या. अक्षराची ओळख नाही. चित्र पाहिलं ते कॅलेंडरावरचं. नवी चव म्हणाल तर ताजी भाकरी हीच नवी. अमूर्त कल्पनेत रमायला पहाटेपासून रात्रीपर्यंत वेळ नाही. जुळवून घेणं विचाराल तर तिनं जन्मभर दुसरं केलं काय? मुकादमाशी जुळवून घेतलं, सावकाराशी घेतलं, पाटलाच्या वाड्याशी घेतलं, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याशी घेतलं. कागदाच्या हिशोबानं ही बाई नंबर एकची देवभोळी निघायला पायजे.

आणि हीच बाई देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक, मरीआईचा तांदळा, सासूनं जन्मभर पुजलेली येसकाई, सगळं टोपलीत घालून उठली आणि पाण्यात सोडून आली. एकटी नाही, गल्लीच्या गल्ली. १९५१ च्या शिरगणतीत आपल्या महाराष्ट्रात बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ ला सुमारे अठ्ठावीस लाख. दहा वर्षांत अठ्ठावीस लाख लोकांचा स्वभाव एकदम मोकळा झाला काय? नळाला पाणी यावं तसा? अठ्ठावीस लाखांत लाजाळू होते, भांडकुदळ होते, भित्रे होते, आळशी होते, कंजूष होते, एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊभाऊ होते. सगळ्या स्वभावांची माणसं होती. म्हणूनच ते बंड होतं. एका स्वभावाची माणसं जमली तर त्याला क्लब म्हणतात.

परदेशातल्या शास्त्राला हे कळत नाही असंही नाही. २०१० सालीच हेन्रिक, हाइने आणि नोरेनझायान या तिघांनी लिहून ठेवलं की मानसशास्त्रातले बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत देशांतल्या माणसांवर, त्यातही कॉलेजातल्या पोरांवर बेतलेत. जगातल्या बाकी माणसांवर ते लादताना जपा. २०१३ साली बोलिव्हियाच्या जंगलात शेती-शिकार करून जगणाऱ्या त्सिमाने लोकांत हाच पाच गुणांचा साचा लावून बघितला. बसला नाही. जे तिकडच्या प्रोफेसरांना कळलं ते आपल्या अभ्यासवर्गाला कळायला काय हरकत आहे?

पण माझी खरी तक्रार शास्त्रापेक्षा जुनी आहे. 'स्वभाव' हा शब्द आपल्या दारात पहिल्यांदा आलेला नाही. तो आला तेव्हा तेव्हा काय घेऊन आला त्याचा फेरफार काढा. जमिनीचा सातबारा असतो तसा या शब्दाचाही आहे.

पहिली नोंद गीतेची. अठराव्या अध्यायात कामांची वाटणी आहे, आणि ती कशावरून? स्वभावातून निघालेल्या गुणांवरून. ब्राह्मणाच्या स्वभावात शांती नि ज्ञान, क्षत्रियाच्या स्वभावात शौर्य, वैश्याच्या स्वभावात शेती-व्यापार, आणि शूद्राच्या स्वभावात सेवा. म्हणजे तुझ्या पाठीवर ओझं कुणी ठेवलं नाही बाबा, ते तुझ्या स्वभावातच होतं. आणि आपण तर त्या चौघांतही नाही. आपला स्वभाव लिहून ठेवायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही.

दुसरी नोंद इंग्रजाची. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पारधी जन्मला की चोर, कैकाडी जन्मला की चोर. ठिकठिकाणी मांगांनाही पोलिसापुढं हजेरी. कशासाठी? तर गुन्हा यांच्या स्वभावात आहे, रक्तात आहे. हा कायदा गेला १९५२ साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. कायदा गेला, स्वभाव राहिला. आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली कुठल्या पालावर जाते ते तुम्हाला ठाऊक आहे.

तिसरी नोंद तर हसावं की रडावं अशी. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात इंग्रजांच्या बाजूनं महार शिपाई लढले, मेले, त्यांची नावं दगडावर कोरली. पुढं १८९० च्या दशकात त्याच इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, कारण म्हणे ही लढाऊ जात नव्हे. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहून याचा जाब विचारला. आणि १९४१ साली महायुद्धात माणसं कमी पडल्यावर महार रेजिमेंट उभी राहिली. आता सांगा, आमच्या आज्या-पणज्यांचा स्वभाव १८१८ ला शूर, १८९२ ला भित्रा, १९४१ ला परत शूर? स्वभाव बदलत नव्हता. सरकारची गरज बदलत होती, आणि गरजेला स्वभाव हे नाव देत होते.

असला शब्द कुणी सुटात घालून, टाय बांधून, फळ्यावर पाच रकाने मारून आपल्यापुढं आणला, तर त्याला बसायला खुर्ची द्या, पण पाणी द्यायच्या आधी ओळखपत्र मागा.

बाबासाहेबांनी हे ओळखपत्र १९३६ सालीच मागितलं होतं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि तिथं कधी न झालेलं भाषण काढून वाचा. आर्यसमाजी म्हणत होते, जन्मावरून नको, गुणावरून चातुर्वर्ण्य मानू. ऐकायला गोड. बाबासाहेबांनी विचारलं की गुणावरूनच मानायचं तर ब्राह्मण-शूद्र ही नावं कशाला ठेवता? आणि त्याहून मोठा मुद्दा असा की माणसांची अशी तीन-चार खुराड्यांत वाटणी होतच नाही. प्लेटोलाही त्यांनी याच मुद्द्यावर धरलं. माणसामाणसांत इतकी विविधता आहे की त्यांना मूठभर वर्गांत कोंबणारा माणसाला ओळखतच नाही, असा तो वार होता. खुराडी तीनची चार झाली, चारची पाच झाली, म्हणून मुद्दा शिळा होत नाही.

(फळ्यावरच्या पोराला न्याय द्यायचा तर ते शास्त्र खुराडी करत नाही, माप घेतं, हे मला ठाऊक आहे. पण मापाचं खुराडं व्हायला अभ्यासवर्गात दहा मिनिटं पुरली. मी घड्याळात पाहत होतो.)

आता त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. मे १९३६, मुंबई, महार परिषद. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला धर्मांतराची घोषणा झाली होती, त्यावर विचार करायला बोलावलेली. तिथल्या भाषणात बाबासाहेब स्वभावाबद्दल बोलत नाहीत. हिशोब मांडतात. आपल्याकडं माणसांचं बळ किती, पैशाचं बळ किती, मनाचं बळ किती. आणि मनाचं बळ का गेलं? शतकानुशतकं मार खाऊन गेलं. म्हणजे मनसुद्धा त्यांनी हिशोबाच्या वहीत धरलं: कुणी घेतलं, कसं घेतलं, परत कसं आणायचं. आमच्या एम. ए. ला जे जन्मजात वाटतं ते बाबासाहेबांना वसुलीचं खातं वाटतं.

येवला ते नागपूर, १९३५ ते १९५६. एकवीस वर्षं. रागीट स्वभावाचा माणूस एकवीस वर्षं राग धरून बसत नाही, विसरून जातो. हे सदाशिव पेठेसाठी. कारण तिकडचं म्हणणं उलटं असतं: दलित लोक भावनाप्रधान, एका माणसाच्या शब्दासरशी मेंढरासारखे गेले. बघा कशी गंमत. एकजण म्हणतो तुम्ही फार मोकळ्या मनाचे म्हणून गेलात, दुसरा म्हणतो तुम्हाला मनच नव्हतं म्हणून गेलात. दोघांनाही एक गोष्ट मान्य नाही, की ही माणसं बसली, बोलली, भांडली, घरी जाऊन बायकोशी बोलली, आणि मग ठरवून गेली. १९२७ ला महाडचं पाणी, त्याच वर्षी मनुस्मृतीची होळी, १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारात पाच वर्षं. दार उघडतं का ते आधी बघितलं. उघडलं नाही, तेव्हा घर बदललं. याला कुठला स्वभाव लागतो? एवढा धीर तर भाड्याची खोली शोधणाऱ्या प्रत्येकाला असतो.

आता जे बोलायला मी हा कागद काळा करतोय ते बोलतो. ते कुणाला आवडणार नाही.

'मातंगांचा स्वभावच देवभोळा.' हे वाक्य मी निळा गमछा घातलेल्या तोंडातून ऐकलंय. एकदा नाही, दहादा. 'चांभार मुळातच घाबरट, म्हणून राहिले तिकडं.' हेही ऐकलंय. आपल्या पोरांनी म्हणावं हे? मनूच्या पुस्तकाला काडी लावलेल्या हातांनी त्याचं एक पान खिशात घालून ठेवावं?

धर्मांतरात महार जास्त का आले याची कारणं गावगाड्यात शोधा, कवटीत शोधू नका. चांभाराच्या हातात धंदा होता, गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक हिंदू होतं. मांगाकडं दोरखंड होते, वाजंत्री होती, आणि संख्या थोडी, एकेका गावात दोन-तीन घरं. महाराच्या हातात स्वतःचा असा धंदाच नव्हता, गावची हक्काची म्हणून हलकी कामं होती. म्हणून तो गोदीत गेला, रेल्वेत गेला, गिरणीत गेला, लष्करात गेला. गावाशी बांधणारी दोरी लवकर तुटली, गावागावांत संख्या होती, आणि आपल्यातलाच नेता होता. यात स्वभावाचा संबंध किती? माझ्या पगारात बोनसचा आहे तेवढा.

आणि देवभोळा स्वभाव म्हणता, तर चिरागनगरात जाऊन या. घाटकोपरचंच आहे, रिक्षालाही पैसे लागणार नाहीत. अण्णा भाऊ साठे तिथं झोपडीत राहिले. मातंग. शाळेत धड गेले नाहीत. तमाशात पहिल्यांदा गण व्हायचा, गणपतीला हात जोडायचे, ही शेकडो वर्षांची रीत. अण्णा भाऊंनी त्यातला गणपती काढला आणि मायभूमीला नि राबणाऱ्या माणसाला तिथं आणून बसवलं. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्यात त्यांनी शेषनागाच्या डोक्यावरची पृथ्वी काढून दलितांच्या, कामगारांच्या तळहातावर ठेवली. 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. हा देवभोळ्या जातीचा स्वभाव!

त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८५५ साली, जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली मुक्ता साळवे 'ज्ञानोदया'त लिहून गेली. मांगाची पोर. वेद ब्राह्मणांचे, तर मग आम्हा मांग-महारांचं धर्मपुस्तक कुठलं, आमचा धर्म कुठला, असं तिनं थेट देवालाच विचारलं. देवाला विचारलं, म्हणजे देव होता तिच्या मनात. पण धर्माचं दार आपल्याला नाही हे तिला दिसलं होतं. आपल्या अभ्यासवर्गातला पाच रकान्यांचा फळा या पोरीला कुठं बसवणार? देव मानते म्हणून डावीकडं, की धर्माला जाब विचारते म्हणून उजवीकडं?

२७ मे २००७ ला लक्ष्मण माने यांच्यासोबत भटक्या-विमुक्तांनी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दीक्षा घेतली. ज्यांचा स्वभाव कायद्यानं चोर ठरवला होता ते. त्यांनाही तुम्ही माप लावणार होता काय?

आता परत देव मांडून बसलेल्यांकडं येतो. ते आहेत, नाहीत असं कोण म्हणतो. वस्तीत दर चार खोल्यांनंतर एक. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि कपाटात, साड्यांच्या घडीमागं, एक छोटी फ्रेम. पाहुणे कार्यकर्ते आले की कपाट बंद. कुणाच्या मनगटात लाल दोरा, तो सभेला येताना बाहीखाली. आणि कार्यकर्ते काय करतात? त्या दोऱ्यावरून त्या बाईला हसतात. बावीस प्रतिज्ञा तोंडावर फेकून मारतात.

तो दोरा कधी बांधला ते कुणी विचारलं? तापानं फणफणलेलं पोर, सरकारी दवाखान्यात खाटेखाली चटई, डॉक्टर बोलायला तयार नाही, औषध बाहेरून आणा. नवरा कामावर, जाऊ शकत नाही, खाडा झाला तर ठेकेदार काढून टाकतो. त्या रात्री शेजारची बाई आली, डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाली माझ्या बाईला नवस बोल. शाखेतलं कुणी आलं नव्हतं. शाखा दुसऱ्या दिवशी आली, वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन. मग ती बाई कुणाचं ऐकणार? हा बंद मनाचा पुरावा आहे, की बंद दाराचा?

मी साच्यावर काम करतो म्हणून मला दुसरा दाखला सुचत नाही. ताण्याचा धागा सारखा तुटायला लागला तर कुणी धाग्याच्या स्वभावाला शिव्या देत नाही. खात्यातली हवा कोरडी पडलीय का बघतात, कांजी नीट बसलीय का बघतात, ताण जास्त झालाय का बघतात. धागा तोच असतो. सकाळपाळीला चालतो, दुपारी तुटतो.

आणि साहेब झालेल्यांचं? त्यांचं वेगळं आहे, त्यांना मी एवढी सूट देत नाही. टॉवरमधे फ्लॅट घेतला की सत्यनारायण. का? तर सोसायटीतले लोक विचारतात. आडनाव असं लावलंय की कळू नये, पोरांना सांगितलंय की शाळेत बोलू नका. हा भित्रा स्वभाव नाही, हा सौदा आहे. पूजेचा शिरा वाटून शेजार विकत घेतलाय. पण त्या सौद्याची किंमत कुणी ठरवली? ज्या शहरात खोली भाड्यानं देताना आडनाव विचारतात, त्या शहरानं. साहेबाला शिव्या घालाच, मीही घालतो, पण अर्ध्या शिव्या त्या आडनाव विचारणाऱ्यासाठी राखून ठेवा.

कागदाचंही तेच. १९५० च्या आदेशात अनुसूचित जात म्हणजे फक्त हिंदू. १९५६ ला त्यात शीख आले. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या १९९० साली. म्हणजे दीक्षा घेतल्यापासून चौतीस वर्षं बौद्ध लिहिलं की केंद्राच्या नोकरीतली राखीव जागा गेली. मग कुणी मनात बौद्ध, कागदावर हिंदू महार. त्यांना दुटप्पी म्हणणारे पुष्कळ निघाले. दुटप्पी कोण? सरकार एका हातानं अशोकाचं चक्र झेंड्यावर लावतं, दुसऱ्या हातानं बुद्धाचं नाव घेणाऱ्याची नोकरी काढतं, आणि दुटप्पी आमचा बाप? २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की नागरिकाला आपला कुठलाच धर्म नाही असंही म्हणता येतं, सरकार जबरदस्ती करू शकत नाही. चांगलं झालं. पण ते म्हणायची ताकद पोटात भाकर असणाऱ्याला आधी येते, हे न्यायालय कसं सांगणार?

आणखी एक गोष्ट फळ्यावर उलटी लिहिली जाते. मन मोकळं होतं म्हणून देव सोडले, असं म्हणतात. आपल्या घराघरांत म्हाताऱ्या सांगतात ते ऐका. देव पाण्यात सोडले तेव्हा पोटात गोळा होता. आता मरीआई कोपणार, पोराला पटकी होणार, गाय मरणार, असं वाटत होतं. रात्र रात्र जागून काढल्या. मग आठ दिवस गेले. काही झालं नाही. महिना गेला. पोरगं खेळत होतं. तेव्हा मन मोकळं झालं. आधी हात मोकळे झाले, मागनं मन. परदेशी कागदात हे कसं यावं? तिथं सोडून झालेल्या माणसाचं माप घेतात आणि म्हणतात हे माप होतं म्हणून सोडलं. पोहून बाहेर आलेल्याला बघून म्हणावं, हा ओलाच होता म्हणून पाण्यात पडला.

बावीस प्रतिज्ञा याच हिशोबानं वाचा. त्यांत मन असं असावं, तसं असावं याची परीक्षा नाही. काय मानणार नाही, काय करणार नाही, काय पाळीन याचं वचन आहे. उघड्यावर, हजारोंच्या मधे, मोठ्यानं. वचन लाजाळू माणूसही पाळू शकतो. भित्रा माणूससुद्धा पाळू शकतो, शेजारी दुसरा भित्रा उभा असेल तर. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर, आनंद कौसल्यायनांनी जमलेल्या अफाट समुदायाला दीक्षा दिली. रडणाऱ्या माणसांनी घेतली ती. तिथं कुणी विचारलं नाही की तुमचा स्वभाव काय.

आपल्याच उपनगरात एक नमुना उभा आहे. अंधेरीची महाकाली लेणी. लेणी बौद्ध, कोंडिवट्याची. नाव देवीचं, शेजारच्या देवळावरून पडलेलं. दगडात कोरलेला स्तूप काय स्वभावानं देवभोळा झाला? भिक्खू गेले, येणारं-जाणारं कुणी राहिलं नाही, रिकामी जागा ज्यानं व्यापली त्याचं नाव लागलं. तिकडं बोरिवलीच्या कान्हेरीत शिलालेख आहेत, त्यांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत, भिक्षुणी आहेत. दान काय दिलं ते आहे, कुठून आले ते आहे. स्वभाव काय होता ते कुठल्याच दगडावर नाही.

आणि ज्यांना अजून वाटतं की हा शब्दाचा खेळ आहे, त्यांच्यासाठी ११ जुलै १९९७. घाटकोपर, माता रमाबाई आंबेडकर नगर. पहाटे पुतळ्याला चपलांचा हार. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलानं गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. नंतर काय सांगितलं? जमाव भडकला होता, गॅसचा टँकर पेटवणार होता. म्हणजे हे लोकच भडक. स्वभावच तसा. गुंडेवार आयोगानं गोळीबार समर्थनीय नव्हता असं सांगितलं, २००९ साली सत्र न्यायालयानं त्या तुकडीच्या फौजदाराला दोषी धरलं. बारा वर्षं गेली. बारा वर्षं वस्तीच्या कपाळावर तो स्वभाव चिकटवलेला होता. शाहीर विलास घोगरे मुलुंडचे. सगळी हयात लाल झेंड्याखाली गाण्यात गेली. गोळीबारानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी गळफास घेतला, जाताना डोक्याला निळी पट्टी बांधली. हळव्या स्वभावाचा कवी होता, असं म्हटलं की फाईल बंद होते. रमाबाई नगर फाईलमधून गायब होतं.

म्हणून पोरांनो, पाच रकान्यांचा फळा ठेवा, पुसू नका. शास्त्र शिका, खच्चून शिका, त्यातली मापं शिका आणि त्या मापांच्या चुका त्यांच्याच भाषेत दाखवा. पण वस्तीत जाताना तो फळा पाठीला बांधून जाऊ नका. आणि मातंगवाड्यात जाल तेव्हा शिकवायला जाऊ नका, अण्णा भाऊंचं काय काय वाचलं ते सांगायला जा. वाचलं नसेल तर आधी वाचा.

एक काम आहे. छप्पन साली जी बाई वीस वर्षांची होती ती आज नव्वदीच्या आसपास आहे. घाटकोपर, मुलुंडच्या चाळीत, झोपु योजनेतल्या सातव्या मजल्यावर, बंद पडलेल्या लिफ्टच्या वर, अजून काही जणी आहेत. जिना चढून जा. कुठल्या गावच्या, किती देव होते, कुठल्या पाण्यात सोडले, सोबत कोण होतं, कोण आलं नाही, गावानं पाणी तोडलं का, राशन बंद केलं का, किती दिवस भीती वाटली, कधी गेली, ते विचारा. नंतर एखादा देव परत आला का तेही विचारा, आणि आला असेल तर कुठल्या आजारात आला ते. भुवया उंचावू नका. जसं बोलतील तसं लिहा, त्यांची भाषा शुद्ध करू नका. वही न्या, दोन पेनं न्या. चहा देतील, तो पिऊनच निघा.